साठ क्रेडिट आणि माळ्यावरचा प्रबंध

2022च्या गुढीपाडव्याला न्यू जर्सीतल्या आमच्या मंडळाचा कार्यक्रम करोनानंतर पहिल्यांदा हॉलमध्ये झाला. जेवणाच्या रांगेत माझ्यापुढची मुलगी ताट हातात धरून मागे वळली आणि म्हणाली, "ताई, तुम्ही सायकॉलॉजीत आहात ना? मला पंधरा तारखेच्या आत एक निर्णय घ्यायचाय." पंधरा एप्रिल म्हटल्यावर मला पुढचं विचारावं लागलं नाही. अमेरिकेतल्या डॉक्टरेटच्या जागा स्वीकारायची ती शेवटची तारीख. आम्ही पुरीभाजीची ताटं घेऊन कोपऱ्यातल्या खुर्च्यांवर बसलो आणि श्रीखंड घ्यायचं राहूनच गेलं.

हे प्रकरण तिच्या परवानगीने लिहितेय. ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत, पण आकडे आणि घटनांचा क्रम तोच ठेवला आहे.

ती मूळची नाशिकची. बी.ए. तिथेच, एम.ए. मानसशास्त्र पुण्याला. मग दोन वर्षं पुण्यातल्या एका शाळेत समुपदेशक, पुढे लग्न, आणि 2018मध्ये एच-4 व्हिसावर, म्हणजे नोकरीवर आलेल्याच्या जोडीदाराला मिळतो त्या व्हिसावर, इकडे. नवऱ्याच्या ग्रीन कार्डाची गाडी पहिल्याच स्टेशनवर होती, त्यामुळे तिला कामाचा परवाना नव्हता. एच-4वर शिकता येतं, कमावता येत नाही. घरात बसून वेड लागायची पाळी आल्यावर तिने एका प्रोफेशनल स्कूलच्या, म्हणजे उपचारक तयार करणाऱ्या संस्थेच्या, माहितीसत्राला नाव नोंदवलं. तिथल्या प्रवेश अधिकाऱ्याने तिला सांगितलं, की अमेरिकन मास्टर्स असेल तर पीएचडीवाले तुमच्याकडे वेगळ्या नजरेने बघतात. साठ क्रेडिट, क्रेडिटला 1,050 डॉलर, म्हणजे 63,000. सरकारी शैक्षणिक कर्ज या व्हिसावर मिळत नाही. अर्ध्याहून जास्त पैसे नवऱ्याच्या बचतीतून गेले, आणि बारा लाख रुपये तिच्या वडिलांच्या निवृत्तीच्या रकमेतून आले.

2021मध्ये पदवी हातात आली, जीपीए, म्हणजे सरासरी गुण, चारपैकी 3.94. त्या डिसेंबरात तिने बारा अर्ज केले. अकरा क्लिनिकल पीएचडीचे, एक त्याच संस्थेच्या सायडीचा, म्हणजे उपचारकांसाठीच्या डॉक्टरेटचा. अकरा ठिकाणांहून मुलाखतीचंसुद्धा बोलावणं आलं नाही. बाराव्या ठिकाणी, म्हणजे स्वतःच्याच संस्थेत, प्रवेश मिळाला. साठपैकी तीस क्रेडिट ते धरणार होते आणि तरीही पुढे तीन वर्षं, वर्षाला सुमारे 45,000 डॉलर भरायचे होते. तिचा प्रश्न असा होता: "मग मास्टर्सचा उपयोग झाला म्हणायचा की नाही?"

या प्रश्नाचं उत्तर द्यायला आधी हे प्रोफेशनल स्कूल प्रकरण कुठून आलं ते सांगावं लागेल. 1949मध्ये कोलोरॅडोतल्या बोल्डरला एक परिषद झाली आणि तिथे ठरलं, की क्लिनिकल मानसशास्त्रज्ञ हा आधी संशोधक हवा आणि मग उपचारक. डॉक्टरेट विद्यापीठाच्या विभागातच व्हायची, जागा मोजक्या. प्रॅक्टिस करू पाहणाऱ्यांची यात कोंडी होत होती. 1968मध्ये इलिनॉय विद्यापीठाने सायडी ही उपचारकांसाठीची पदवी सुरू केली (पुढे त्यांनीच ती बंद केली, हा भाग वेगळा). 1969मध्ये कॅलिफोर्निया स्कूल ऑफ प्रोफेशनल सायकॉलॉजी स्थापन झालं, ते कुठल्याही विद्यापीठाचा भाग नसलेलं. 1973मध्ये कोलोरॅडोतच व्हेल गावी आणखी एक परिषद होऊन या मार्गाला रीतसर मान्यता मिळाली. पुढच्याच वर्षी आमच्या न्यू जर्सीत रटगर्सने विद्यापीठाच्या आत स्वतःचं प्रोफेशनल स्कूल काढलं. तिथे प्रवेश मिळवणं कुठल्याही पीएचडीइतकंच जड आहे. म्हणून 'प्रोफेशनल स्कूल' या एका नावावरून काहीच ठरवू नये. विद्यापीठातलं आणि स्वतंत्र, थोड्या विद्यार्थ्यांचं आणि वर्गात शंभर भरणारं, यांत जमीन-अस्मानाचा फरक असतो. स्वतंत्र संस्था फीवर चालतात. फी आटली की काय होतं ते 2019च्या मार्चमध्ये आर्गोसी युनिव्हर्सिटी सत्राच्या मध्यातच बंद पडली तेव्हा हजारो विद्यार्थ्यांनी पाहिलं.

या संस्थांना मास्टर्सचे वर्ग परवडतात आणि विद्यापीठातल्या पीएचडी विभागाला ते बहुधा नकोच असतात, कारण पीएचडीला इथे बॅचलर्सनंतर थेट घेतात. मास्टर्स वाटेत मिळतं. आपल्याकडे एम.ए. ही पायरी आहे आणि पीएचडी तिच्या वरची. इथला जिना तसा नाही. हे न कळल्यामुळे आपल्याकडची मुलं हमखास फसतात, कारण आपल्याला पायरी चुकवून वर जाता येतं हेच पटत नाही.

दुसऱ्या दिवशी तिने मला सगळी फाईल पाठवली. मी चार वर्षं एका विद्यापीठाच्या प्रवेश समितीवर होते. सहा-सात जागा, तीनशेच्या आसपास अर्ज. एका फाईलला पहिल्या फेरीत पाच ते सात मिनिटं मिळतात. मी तिची फाईल तशीच घड्याळ लावून वाचली.

सीव्हीची पहिली ओळ: प्रॅक्टिकम, म्हणजे प्रत्यक्ष क्लायंटबरोबरचं प्रशिक्षण, 720 तास. मग कार्यशाळा, प्रमाणपत्रं, मंडळाच्या ढोल पथकातला सहभाग. 'संशोधन' हा मथळाच नव्हता. शिफारसपत्रं तीन. दोन शिक्षकांची, दोघेही दिवसा स्वतःचं क्लिनिक चालवून संध्याकाळी शिकवणारे. तिसरं प्रॅक्टिकमच्या सुपरवायझरचं. तिन्हींत एकच गोष्ट होती: ही मुलगी संवेदनशील आहे, वेळेवर येते, क्लायंटना आवडते. यातलं एकही वाक्य खोटं नव्हतं, फक्त समितीला जे विचारायचं असतं त्याचं उत्तर त्यात कुठेच नव्हतं. पाच वर्षं ज्या प्राध्यापकाच्या लॅबमध्ये ती बसणार, ज्याच्या अनुदानातून तिला पगार मिळणार, त्याला एवढंच कळायला हवं असतं की हिला प्रश्न मांडता येतो का, आणि डेटा अंगावर आला की ही पळ काढते का. संध्याकाळी शिकवायला येणाऱ्या शिक्षकाला हे दिसायला संधीच नसते. त्याची स्वतःची लॅब नसते.

जीपीए 3.94 बघून समितीतलं कोणी भुवया उंचावत नाही. उपचारकी मास्टर्समध्ये ए मिळणं ही रीतच आहे, हे सगळ्यांना ठाऊक असतं. बॅचलर्सला कुणी 2.8वर अडकलेला असेल तर मास्टर्सच्या गुणांनी ती जखम थोडी भरते, हे खरं. हिला तशी जखमच नव्हती.

निवेदन वाचताना मी कपाळाला हात लावला. "लहानपणापासून मला लोकांना मदत करायची आवड आहे." अकरा विद्यापीठांना तेच निवेदन, शेवटच्या परिच्छेदात वेबसाईटवरून उचललेली प्राध्यापकांची नावं. त्यातल्या एकाला निवृत्त होऊन वर्ष झालं होतं. पीएचडीचा प्रवेश हा विभागात नसतो, एका माणसाच्या लॅबमध्ये असतो. त्या वर्षी तो विद्यार्थी घेतोय का, हे आधी ईमेल करून विचारायची पद्धत आहे. तिला हे कुणी सांगितलं नव्हतं, कारण तिला सांगू शकणाऱ्यांपैकी कुणीच त्या वाटेने गेलेलं नव्हतं.

आणखी एक गैरसमज. माहितीपत्रकावर एपीएचा, म्हणजे अमेरिकन मानसशास्त्रज्ञांच्या संघटनेचा, शिक्का होता. तो संस्थेच्या सायडीचा. एपीए कित्येक दशकं फक्त डॉक्टरेटलाच मान्यता देत आली. मास्टर्सना मान्यता द्यायचं 2018मध्ये ठरलं आणि त्याचे निकष 2021मध्ये आले, म्हणजे तिची पदवी पूर्ण होत होती तेव्हा. तिने शिक्का पाहिला आणि तो आपल्याही पदवीचा समजली. मीही समजले असते.

म्हणून माझं उत्तर असं होतं: उपयोग झाला, पण एकाच दाराशी. ज्या संस्थेने मास्टर्स दिलं, तिच्या सायडीचं दार त्या मास्टर्सने उघडलं. बाकी दारांशी ती पदवी ना आडवी आली ना कामाला आली. ती कागदावरची एक ओळ होती.

आता सायडी घ्यायची का, हा तातडीचा मुद्दा. मी सायडीच्या विरोधात नाही. माझ्या ओळखीतले दोन उत्तम थेरपिस्ट सायडी आहेत. पण एपीएची मान्यता असलेल्या प्रत्येक डॉक्टरेट कार्यक्रमाला आपली आकडेवारी वेबसाईटवर उघड ठेवावीच लागते: किती वर्षं लागतात, खर्च किती, किती जण मध्येच सोडतात, किती जणांना इंटर्नशिप मिळते आणि त्यातली मान्यताप्राप्त किती, पुढे परवाना किती जणांना मिळाला. कुठल्याही संस्थेच्या माहितीसत्रापेक्षा हे एक पान जास्त खरं बोलतं. आम्ही फोनवर व्हिडिओ लावून ते एकत्र वाचलं. 'तीन वर्षांत संपेल' असं तिला सांगितलं होतं. तक्त्यात तीन वर्षांत संपवलेला एकही जण नव्हता. तिचा नवरा मागे कांदा चिरत होता, तो सुरी ठेवून आला आणि म्हणाला, "पाच वर्षं धरली तर सव्वादोन लाख डॉलर झाले, ताई." चौदा एप्रिलला तिने नकार कळवला.

आणि मग तिने सहज म्हणून एक गोष्ट सांगितली, ज्यामुळे हे प्रकरण लिहावंसं वाटलं.

मी विचारलं होतं, तुझ्या पुण्याच्या एम.ए.ला प्रबंध होता की नुसते पेपर? म्हणाली, होता ना, पण तो काय, एम.ए.चा. संस्थेतल्या करिअर सल्लागाराने सीव्हीतून तो काढायला सांगितला होता, अमेरिकेत भारतातलं काम कुणी बघत नाही म्हणून. विषय काय? निफाड तालुक्यातल्या द्राक्षबागांत मजुरीला जाणाऱ्या बायकांमधलं नैराश्य. एकशे ऐंशी बायका. पीएचक्यू-9 ही नैराश्य मोजायची नऊ प्रश्नांची चाचणी तिने मराठीत वापरली होती.

पहिला प्रश्न कामात रस किंवा आनंद वाटेनासा झालाय का, असा आहे. भाषांतर नीट केलं होतं, पद्धतीप्रमाणे उलट भाषांतरही करून घेतलं होतं, मराठीतून परत इंग्रजीत. 'रस'चं 'इंटरेस्ट' तंतोतंत परत आलं. कागदावर सगळं चोख. मग ती थिनिंगच्या, म्हणजे घडांतले मणी विरळ करायच्या, दिवसांत बागेत गेली, वेलीखाली बसून एका बाईला विचारलं, "मावशी, गेल्या दोन आठवड्यांत कामात रस वाटत नाही असं झालं का?" मावशी हातातली कात्री न थांबवता म्हणाल्या, "रसाची द्राक्षं वाईनवाल्यांकडं, बाई. आमची खायची."

ती हसत हसत हे सांगत होती आणि मी सरळ होऊन बसले होते. पुढे काय केलंस? तर तिने वहीत टिपलं होतं, की बायका 'मन लागंना', 'जीव रमत नाही' म्हणतात. 'दोन आठवडे' म्हटलं तर घोटाळा व्हायचा, म्हणून ती 'गेले दोन बाजार' असं विचारू लागली. आठवडी बाजाराने मोजलं की उत्तर लगेच यायचं. मग तिने अर्ध्या बायकांना मूळ शब्द विचारले, अर्ध्यांना बागेतले, आणि पहिल्या प्रश्नाचा बाकी आठांशी मेळ कुठे जास्त बसतो ते हाताने काढलं. बागेतल्या शब्दांत बराच जास्त बसला. मार्गदर्शक बाईंनी 'छान' एवढा शेरा मारून सही केली होती.

उलट भाषांतरात पास झालेला शब्द बांधावर नापास होतो, हे ज्या मुलीने तेविसाव्या वर्षी शोधून, मोजून, लिहून ठेवलं, तिच्या अर्जात 'मला लोकांना मदत करायला आवडते' असं लिहिलेलं होतं. प्रबंधाची प्रत नाशिकच्या घरी माळ्यावर होती, मोदकाच्या मोठ्या पातेल्याखाली. वडिलांनी ती काढून, पुसून, फोनने पानापानाचे फोटो पाठवले. एकशे बारा पानं. कच्च्या डेटाची एक्सेल फाईल तिच्या जुन्या मेलमध्ये सापडली.

पुढचं दीड वर्ष झटपट सांगते. इथे संशोधनाचा अनुभव मिळवायचा नेहमीचा मार्ग म्हणजे लॅबमध्ये रिसर्च कोऑर्डिनेटरची पगारी नोकरी, दोन वर्षं. एच-4मुळे तो बंद. वेक फॉरेस्ट किंवा विल्यम अँड मेरीसारख्या ठिकाणी पीएचडीच्या तयारीसाठीच असलेली संशोधनाची मास्टर्स मिळतात, फीचा मोठा भार विद्यापीठ उचलतं. 2019मध्ये ती मला भेटली असती तर मी तिला तिकडेच पाठवलं असतं, पण तिसरं मास्टर्स करायला ती तयार नव्हती आणि ते मला पटलं. मग आम्ही स्थलांतरितांमधलं नैराश्य कसं मोजावं यावर काम करणाऱ्या प्राध्यापकांची यादी केली. तिने नऊ जणांना चार-चार ओळींचं पत्र लिहिलं, त्यात 'रस'ची गोष्ट दोन ओळींत. चौघांनी उत्तर दिलं. त्यांपैकी तासाभराच्या अंतरावरच्या एकीने स्वयंसेवक म्हणून ये म्हटलं. बिनपगारी काम व्हिसात बसतं का, हे आधी विद्यापीठाच्या कार्यालयाकडून लेखी घेतलं. ही गोष्ट कुणी हलक्यात घेऊ नये.

ती आठवड्याला दोन दिवस बस बदलून जायची. आधी मुलाखतींचे टंकलेख तपासणं, मग आर ही आकडेवारीची संगणकभाषा शिकून जुन्या निफाडच्या डेटाचं विश्लेषण नव्याने. 2023च्या वसंतात एका परिषदेत त्यावर पोस्टर लागलं. आणि तिला चौथं शिफारसपत्र मिळालं. मला ते वाचायला मिळालं नाही, पण ते कशाबद्दल असणार ते मला माहीत होतं.

डिसेंबर 2023मध्ये दहा अर्ज. या वेळी यादी वेगळ्या हिशोबाने केली. एफ-31सारख्या सरकारी फेलोशिप नागरिकांना आणि ग्रीन कार्डवाल्यांनाच मिळतात, त्यामुळे परदेशी विद्यार्थी काही लॅबना महाग पडतो. वेटरन्स (माजी सैनिक) खात्याची रुग्णालयं इंटर्नशिपचा फार मोठा पुरवठादार, तिथे नागरिकत्व लागतं. जिथे आधी परदेशी विद्यार्थी घेतलेले दिसले, तीच ठिकाणं ठेवली. क्लिनिकलबरोबर काउन्सेलिंग सायकॉलॉजीही धरलं. तिथल्या समित्या मास्टर्स झालेल्यांकडे जास्त मोकळेपणाने पाहतात, आणि तिथे तिचे 720 तास पहिल्यांदा कुणीतरी वाचले.

तीन मुलाखती आल्या. एकीत झूमवर प्राध्यापकाने विचारलं, चाचणीतला सर्वांत वाईट प्रश्न कोणता होता? ती दहा मिनिटं बोलली. मार्चमध्ये त्याच ठिकाणाहून पत्र आलं: काउन्सेलिंग सायकॉलॉजी पीएचडी, फी माफ, वर बेताचा पगार. एच-4वर पगार घेता येत नाही, म्हणून एफ-1 हा विद्यार्थी व्हिसा करून घ्यावा लागला, त्याने उन्हाळा खाल्ला.

मास्टर्स कुणी करूच नये असं मी म्हणत नाही. कुणी इंजिनिअरिंगमधून इकडे वळत असेल, कुणाच्या हातात तीन वर्षांची बी.ए. एवढंच असेल आणि सोळा वर्षांचं शिक्षण मागणारी विद्यापीठं दार उघडत नसतील, कुणाला मुळात डॉक्टरेट नको, समुपदेशकाचा परवाना हवा असेल, तर हिशोब बदलतो. न्यू जर्सीत त्या परवान्याला साठ क्रेडिटच लागतात, आणि तिच्या वर्गातल्या बहुतेक मुली आज परवाना काढून काम करताहेत, खुशीत आहेत. त्या पदवीचं कामच ते आहे. ती पदवी डॉक्टरेटची शिडी म्हणून विकली गेली, भानगड तिथे झाली.

पीएचडीला रुजू झाल्यावर तिने क्रेडिट वळते करायचा अर्ज दिला. एपीएच्या नियमाने निदान तीन वर्षांचं पूर्णवेळ शिक्षण लागतं आणि त्यातली दोन त्याच कार्यक्रमात व्हावी लागतात, म्हणजे कितीही उदार झाले तरी एका वर्षाहून जास्त वाचत नाही. साठपैकी नऊ धरली गेली. नीतिशास्त्र, विकासाचं मानसशास्त्र, गटोपचार. स्टॅटिस्टिक्स पुन्हा पहिल्यापासून.

मी फोनवर म्हटलं, त्रेसष्ट हजारांतले साडेनऊ वसूल झाले म्हणायचे. तिला ते आवडलं नाही. म्हणाली, "ताई, पहिल्या क्लायंटसमोर मी पाच मिनिटं नुसती मान हलवत बसले होते, त्याच्या इंग्रजीतला एक शब्द कळत नव्हता म्हणून. ते तिथे झालं, इथे नाही झालं. त्याचे किती धरणार?" मी म्हटलं, पंधरा हजार धरू. तिचं म्हणणं वीस. वाद अजून तिथेच आहे, आणि तिच्या नवऱ्याने दोघींपैकी कुणाच्याच बाजूने बोलायला नकार दिलाय.